पायथनच्या पिलोमध्ये मराठी नावं मोजायची कशी? शिरोरेखा एका ओळीत येत नाही

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांना महाराष्ट्राचे जिल्हे आणि तालुके खेळता खेळता ओळखू यावेत म्हणून कार्डं करते आहे. कार्डावर वर छोटा नकाशा, खाली ठळक नाव. ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके, म्हणजे एकेक कार्ड हाताने मांडत बसणं शक्य नाही. दोन वर्षांपूर्वी पायथन शिकले, तेव्हापासून चित्रांची कामं पिलो लायब्ररीने करते.

कार्ड ९० बाय ६० मिलिमीटर. ३०० डीपीआयला ते १०६३ बाय ७०९ पिक्सेल होतं, ए-फोरवर आठ बसतात. इथवर ठीक आहे. पुढे तीन ठिकाणी अडले आहे.

घरच्या विंडोज लॅपटॉपवर अक्षरं फुटतात. 'सिन्नर' लिहिलं की वेलांटी स च्या उजवीकडे जाऊन बसते आणि 'न्न'च्या जागी पाय मोडलेला न आणि शेजारी दुसरा न येतो. शाळेतल्या उबंटूच्या संगणकावर तोच प्रोग्राम आणि तीच फॉन्टची फाइल घेतली तर नाव अगदी बरोबर उमटतं.

दुसरं, माझा जुना प्रोग्राम रुंदी-उंचीसाठी 'टेक्स्टसाइज' वापरायचा. पिलो नवी घेतल्यावर असं काही नाहीच, अशी एरर आली. त्याऐवजी 'टेक्स्टबीबॉक्स' लावलं, तर नाव चौकटीच्या मधोमध न येता खाली सरकतं.

तिसऱ्या अडचणीने मात्र खरंच झोप उडवली आहे. कार्डं शेजारी शेजारी ठेवली की नावं वरखाली दिसतात. 'वसमत'ची शिरोरेखा एका उंचीवर, 'श्रीगोंदा'ची तिच्या खाली, 'कुडाळ'ची वर. प्रत्येक नाव चौकटीत मधोमधच आहे, मी मोजून बघितलं. फळ्यावर लिहिताना रेघ सरळ हवी हे मी मुलांना रोज सांगते. त्यांच्या हातात जाणाऱ्या कार्डावर ती वरखाली चालणार नाही.

साधासोपा
ताई, वर्डमध्ये मेल मर्ज करून टाका की. एका तासात होईल.

कोयनाकाठ
करून बघितलं. प्रत्येक कार्डावर वेगळा नकाशा आहे आणि त्यात तो तालुका रंगवलेला आहे. नकाशे प्रोग्रामच काढतो, त्यामुळे नावही तिथेच घालायचं आहे. शिवाय पुढच्या वर्षी नद्या आणि किल्ले घ्यायचे आहेत.

अक्षरगणित
ताई, तिन्ही अडचणी वेगळ्या आहेत. क्रमाने घेऊ, कारण पहिली सुटल्याशिवाय पुढची मापं खोटी येतील.

पिलोत अक्षरं मांडायची दोन यंत्रं आहेत. 'बेसिक' नावाचं यंत्र युनिकोडच्या यादीतलं एकेक चिन्ह उचलतं आणि आलं त्या क्रमाने शेजारी ठेवतं. इंग्रजीला तेवढं पुरतं. देवनागरीत टंकताना वेलांटी व्यंजनानंतर येते आणि दिसताना आधी, हे त्याला ठाऊक नाही. जोडाक्षर, रफार यातलंही काही कळत नाही. दुसरं यंत्र 'रॅक्म'. ते तीन लायब्रऱ्यांना एकत्र कामाला लावतं: उजवी-डावी दिशा ठरवायला फ्रिबिडी, अक्षरं जुळवायला हार्फबझ आणि आकार काढायला फ्रीटाइप.

विंडोजवर गोची अशी की पिलोच्या ८.२ आवृत्तीपासून रॅक्म आणि हार्फबझ पिलोबरोबरच येतात, पण फ्रिबिडी येत नाही. ती संगणकावर सापडली तरच रॅक्म चालू होतं. लिनक्सवर ती बहुतेक वेळा आधीच असते, म्हणून शाळेत चाललं. विंडोजवर 'फ्रिबिडी डॉट डीएलएल' ही फाइल सिस्टिमला सापडेल अशा फोल्डरमध्ये ठेवावी लागते. ती नसली की पिलो बेसिकवर उतरते आणि चुकीचं चित्र काढून मोकळी होते.

आधी पिलोच्या 'फीचर्स' मॉड्यूलला 'चेक' करून 'रॅक्म' आहे का विचारा. 'फॉल्स' आलं तर तुमच्या घरच्या लॅपटॉपचं दुखणं हेच.

आणखी एक सवय लावून घ्या. लिहिताना आणि मोजताना, दोन्ही वेळा 'लँग्वेज' या पर्यायात 'एमआर' द्या. रॅक्म नसेल तर हा पर्याय पिलोला चालत नाही, ती एरर देऊन थांबते. म्हणजे फुटक्या अक्षरांची ३५८ कार्डं छापून झाल्यावर चूक कळायची वेळ येणार नाही.

कोयनाकाठ
फॉल्सच आलं. अनोळखी साइटवरून डीएलएल उतरवायला मन घेत नाही. विंडोजमध्येच उबंटू चालवता येतं असं ऐकलंय, ते बघते.

अक्षरगणित
डब्ल्यूएसएल. उत्तम पर्याय. फक्त फॉन्टची फाइल प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि पूर्ण नाव द्या. लिनक्सवर फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात. नावात तेवढा फरक पडला तरी 'कॅनॉट ओपन रिसोर्स' येतं आणि माणूस फॉन्टला दोष देत बसतो.

हडसनपार
रॅक्म शब्दावरून एक सांगावंसं वाटलं. तो अरबी 'रकम'वरून घेतला आहे: लिखाण, अंक, आकडा. आपली 'रक्कम' त्याच घरातली. आणि हार्फबझ म्हणजे फारसीतलं 'हर्फ-बाज', 'ओपन टाइप' या इंग्रजी शब्दाचं शब्दशः भाषांतर. अरबी-फारसी आणि आपल्या लिप्यांची अडचण एकाच जातीची आहे: अक्षराचा आकार शेजाऱ्यावर ठरतो. म्हणून त्यांनी केलेलं काम आपल्याला इतकं उपयोगी पडतं.

मी न्यू जर्सीत डेस्कटॉपचे प्रोग्राम लिहितो, तिथे क्यूटी ही लायब्ररी वापरतो. तिच्यात 'हॉरिझाँटल अ‍ॅडव्हान्स' आणि 'बाउंडिंग रेक्ट' अशी दोन मापं वेगळी आहेत. पँगो या लायब्ररीतही 'इंक' आणि 'लॉजिकल' असे दोन चौकोन मिळतात. एकाच शब्दाची दोन मापं का, हे समजलं की ताईंची दुसरी अडचण जाते.

अक्षरगणित
बरोबर, तेच आता.

प्रत्येक अक्षराला दोन रुंद्या असतात. एक शाईची, म्हणजे कागदावर जिथून जिथवर काळं दिसतं ती. दुसरी पावलाची, म्हणजे हे अक्षर ठेवल्यावर पुढचं कुठून सुरू करायचं ते अंतर. वेलांटीची कमान किंवा रफार पावलाच्या बाहेर झुकू शकतो, आणि शाई पावलाच्या आत संपून बाजूला मोकळी जागाही राहू शकते.

पिलोत पावलाची रुंदी देतं 'गेटलेंग्थ', तीही पिक्सेलच्या चौसष्टाव्या भागापर्यंत बारीक. शाईची चौकट देतं 'गेटबीबॉक्स': डावा, वरचा, उजवा, खालचा असे चार आकडे. चित्रावर लिहिणाऱ्या 'ड्रॉ'च्या बाजूने हीच दोन 'टेक्स्टलेंग्थ' आणि 'टेक्स्टबीबॉक्स'. ही चारही ८.० मध्ये, २०२० साली आली. जुनी 'गेटसाइज' आणि 'टेक्स्टसाइज' ९.२ मध्ये मोडीत निघाल्याचं जाहीर झालं आणि २०२३ मधल्या १०.० मध्ये ती काढून टाकली. तुमची एरर त्यामुळे.

आता नाव खाली का सरकतं. जुनं फंक्शन उंची सांगताना शाईच्या वरची मोकळी जागाही त्यात धरायचं. नवं ती वेगळी दाखवतं, 'वरचा' या आकड्यात. तुम्ही खालच्यातून वरचा वजा करून उंची काढली असणार, ते बरोबरच आहे. पण लिहिताना पिलो तुमचा बिंदू शाईचा माथा मानत नाही, फॉन्टच्या आरोहाची, म्हणजे अक्षरांच्या वरच्या हद्दीची, रेघ मानते. शाई त्या रेघेपासून 'वरचा' इतकी खाली सुरू होते, आणि नाव नेमकं तेवढंच खाली सरकतं. लिहिताना वायमधून तो आकडा वजा केला की नाव मध्यावर येईल.

पण ताई, हे दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. तिसरी अडचण याच पद्धतीतून आली आहे, ही पद्धतच सोडायची आहे.

जुळारी
मी कोल्हापुरात छापखान्यात खिळे जुळवत वाढलो, पुढे डीटीपी केलं. प्रोग्रामिंग येत नाही, पण बाईंची तिसरी अडचण वाचून राहवलं नाही.

देवनागरीची ओळ तीन मजली असते. शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटीची टोपी, अनुस्वार, रफार. मधे अक्षराचं अंग. खाली उकार, ऋकार, पाय. प्रत्येक शब्दाला तिन्ही मजले लागतात असं नाही. 'वसमत'ला फक्त मधला लागतो. 'श्रीगोंदा'ला वरचा आणि मधला. 'कुडाळ'ला मधला आणि खालचा. शाईची उंची मोजून मध्य काढला की प्रत्येक शब्दाचा मध्य वेगळ्या मजल्यावर पडणार. 'श्रीगोंदा'च्या वरच्या मात्रांनी मध्य वर ओढला, म्हणून अंग खाली गेलं. 'कुडाळ'चं उलटं झालं.

खिळ्यांच्या काळात मात्रा वेगळ्या पट्टीवर असली तरी अंगाच्या खिळ्याची उंची एकच असायची. मात्रा आहे म्हणून अंग खाली ढकलायची सोयच नव्हती. शिरोरेखा आपोआप जुळायची. जुळली नाही तर पान परत यायचं.

म्हणून शब्दाची उंची मोजू नका. रेघ ठरवा आणि शब्द रेघेला टांगा.

कोयनाकाठ
काका, 'रेघेला टांगा' हे वाक्य वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिलीच्या मुलांना आम्ही हेच शिकवतो, अक्षर रेघेला लटकतं. आता हे पिलोला कसं सांगायचं?

अक्षरगणित
काकांनी जे सांगितलं ते मला समजायला तीन वर्षं लागली होती. आभार.

पिलोत 'अँकर' नावाचा पर्याय आहे, दोन अक्षरांचा. दिलेला बिंदू नावाच्या कुठल्या जागी धरायचा ते तो सांगतो. पहिलं अक्षर आडवं: एल म्हणजे डावीकडून, एम मध्यातून, आर उजवीकडून. दुसरं उभं: ए म्हणजे आरोह, एम म्हणजे मध्य, एस म्हणजे पायरेघ (अक्षराचं अंग खाली जिथे टेकतं ती), डी म्हणजे अवरोह (खालची हद्द). काही न सांगितल्यास 'एलए' धरतात.

'एमएम' द्यावंसं वाटेल. त्याने वरखाली होणं थांबतं, कारण तो मध्य शब्दाच्या शाईवरून काढलेला नसतो, फॉन्टच्या आरोह-अवरोहाचा असतो. पण देवनागरी फॉन्टमध्ये वरच्या मजल्याला जास्त जागा राखलेली असते, त्यामुळे नाव चौकटीत डोळ्याला नीट बसत नाही. मी 'एमएस' घेतो, आडवा मध्य आणि पायरेघ. एका फॉन्टच्या एका आकारात पायरेघ आणि शिरोरेखा यांतलं अंतर बदलत नाही. पायरेघ जुळली की शिरोरेखाही जुळली.

पिलोत शिरोरेखेचा स्वतःचा अँकर नाही. ब्राउझरच्या कॅनव्हासमध्ये 'हँगिंग' नावाची पायरेघ आहे, ती तिबेटी आणि भारतीय लिप्यांसाठीच ठेवली आहे. पिलोत ते अंतर आपण काढायचं. युक्ती सोपी आहे: ज्या अक्षराला वर-खाली काहीच नाही, असं एक अक्षर 'एलएस' अँकरने मोजायचं. मी 'म' घेतो. येणाऱ्या चौकटीतला 'वरचा' आकडा उणे असतो, कारण तो पायरेघेच्या वर आहे. समजा तो उणे ९५ आला. म्हणजे शिरोरेखेची वरची कड पायरेघेपासून ९५ पिक्सेल वर. आता कार्डावर शिरोरेखा जिथे हवी तिचा वाय ठरवा, त्यात ९५ मिळवा, तिथे 'एमएस'ने लिहा. ३५८ च्या ३५८ कार्डांवर रेघ त्याच पिक्सेलवर पडेल.

'म' एकदाच मोजायचा, लूपच्या बाहेर. फॉन्टही एकदाच उघडायचा.

रानपाखरू_२
मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रेलिब या खेळ बनवायच्या लायब्ररीत मराठी शब्दांचा खेळ करतोय. तिथे सगळी अक्षरं प्रश्नचिन्हं होतात. तिथेही 'म' मोजला तर चालेल का?

अक्षरगणित
आधी चिन्हं तर यायला हवीत. रेलिब फॉन्ट उघडताना काही न सांगितल्यास फक्त ९५ चिन्हं घेतं, ३२ ते १२६, सगळी इंग्रजी. देवनागरीची १२८ स्थानं, यू+०९०० ते यू+०९७एफ, यादी करून द्यावी लागतात. पण तरीही जोडाक्षरं जुळणार नाहीत, कारण रेलिब अक्षरं जुळवतच नाही. जोडाक्षरांचे आकार युनिकोडच्या यादीत नसतात, फॉन्टच्या पोटात असतात आणि हार्फबझसारखंच कोणी ते बाहेर काढतं. खेळातले शब्द ठरलेले असतील तर ते पिलोने चित्रं करून ठेव आणि खेळात चित्रं वापर. तेच सर्वांत कमी कटकटीचं.

कोयनाकाठ
अहाहा. सगळी कार्डं टेबलावर मांडली, फूटपट्टी लावली. एक रेघ! मुलगी म्हणाली, आई, वहीसारखं दिसतंय.

पण आता आकाराचा प्रश्न. सगळ्या नावांना एकच आकार हवा, म्हणून एका शब्दाच्या नावांतलं सर्वांत लांब शोधायला पायथनचं 'लेन' वापरलं. त्याने 'त्र्यंबकेश्वर' दिलं. त्यावरून आकार ठरवला तर 'हिंगणघाट'च्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहायला हवी होती, तेवढी राहिलीच नाही.

अक्षरगणित
'लेन' युनिकोडची चिन्हं मोजतं. 'त्र्यंबकेश्वर' मोजा: त, हलंत, र, हलंत, य, अनुस्वार, ब, क, एकमात्रा, श, हलंत, व, र. तेरा झाली. वाचताना अक्षरं पाचच: त्र्यं, ब, के, श्व, र. 'हिंगणघाट'ची चिन्हं आठ, अक्षरं तीही पाचच. १३ आणि ८ या प्रमाणात कागदावरची रुंदी पडत नाही, कारण हलंतामुळे अक्षर लांब होत नाही, उलट दोन अक्षरं एकमेकांत शिरतात. 'स्त्री'ची लांबी 'लेन'च्या मते ६ आहे आणि डोळ्याच्या मते एक.

यावरूनच दोन चुका सगळीकडे दिसतात. एक म्हणजे अक्षरसंख्येवरून ओळ मोडणं. पायथनचं 'टेक्स्टरॅप' तेच करतं, मराठीला निरुपयोगी. दुसरी, अक्षरांत अंतर सोडायला एकेक चिन्ह वेगळं लिहिणं. त्याने जोडाक्षर तुटतं, वेलांटी निराधार होते आणि शिरोरेखेत भेगा पडतात. मराठीत अक्षरं पसरून लिहूच नका, नाव मोठं दिसायला हवं तर आकार वाढवा.

तर लांबी मोजायची ती पूर्ण शब्दाची, जुळवून झाल्यावर. तुकड्यांच्या रुंद्यांची बेरीज पूर्ण शब्दाइतकी होईलच असं नाही. ३५८ नावांवर 'गेटबीबॉक्स' चालवा, उजव्यातून डावा वजा करा, सर्वांत मोठी रुंदी घ्या. इथे शाईचीच रुंदी हवी, पावलाची नको, कारण प्रश्न चौकटीबाहेर काळं जाण्याचा आहे. मग त्या नावाला बसेल असा आकार शोधा आणि तोच सर्वांना. पिलोत आकार पिक्सेलमध्ये असतो: ३०० डीपीआयला १५० पिक्सेल म्हणजे छापखान्याचे ३६ पॉइंट.

ठळक फॉन्ट घेत असाल तर मोजण्याआधी ठळक करा. हल्ली बरेच फॉन्ट एकाच फाइलमध्ये बारीक ते जाड सगळी वजनं घेऊन येतात आणि वजन नंतर ठरवलं तर मोजमाप बारकाचं आणि छपाई जाडाची, असं होतं. नावाभोवती पांढरी कड लावणार असाल तर तिची जाडी मोजतानाही द्यायची.

जुळारी
बाईंनी फॉन्ट कोणता घेतलाय? लहान मुलांसाठी ल आणि श मराठी वळणाचे हवेत. हिंदीतला ल दंडाला टेकलेला असतो, आपला वेगळा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात हे आकारही ठरवून दिले आहेत. पुस्तकात एक आणि कार्डावर दुसरा ल दिसला तर मूल गोंधळतं.

अक्षरगणित
काका, 'लँग्वेज एमआर'चा खरा उपयोग इथेच. बऱ्याच चांगल्या फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी, दोन्ही ल-श ठेवलेले असतात. भाषा मराठी आहे असं सांगितलं की हार्फबझ मराठी आकार उचलतं. फॉन्टमध्ये तो नसेल तर मात्र कितीही सांगून उपयोग नाही. तिरो देवनागरी हा फॉन्ट तर हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्यांत मिळतो, त्यातली मराठी घेतली की न सांगताही आपलं वळण येतं. आणि आकार बदलला की रुंदीही बदलू शकते, म्हणून भाषा मोजतानाही सांगायची असं मी पहिल्याच प्रतिसादात लिहिलं होतं.

कोयनाकाठ
'लातूर' आणि 'शिरोळ' दोन्ही फॉन्टमध्ये काढून बघितले. मराठी आवृत्तीच घेते. 'शिरोळ' इतका देखणा मी छापील पाहिला नव्हता.

आता आमच्या जिल्ह्याचा प्रश्न. सरकारी यादीत 'कराड' आहे, पण जुन्या लिखाणात आणि लोकांच्या तोंडी 'कऱ्हाड'ही आहे, म्हणून कार्डावर ते कंसात द्यायचं ठरवलं. माझ्या फाइलमध्ये ते बरोबर होतं. छापून आलं 'कर्हाड', ह वर रफार घेऊन. रॅक्म चालू आहे, फॉन्टही मराठी आहे. मग?

अक्षरगणित
तुमच्या प्रोग्राममध्ये नावं साफ करणारी एखादी ओळ आहे का? जादा जागा, न दिसणारी चिन्हं काढणारी?

कोयनाकाठ
आहे. एक्सेलमधून नावं येताना काहीबाही यायचं, म्हणून न दिसणारी सगळी चिन्हं काढते.

अक्षरगणित
तिथेच 'कऱ्हाड' मोडलं. आडवा, चंद्रकोरीसारखा र लिहायच्या दोन रीती आहेत. एक: नुक्तावाला ऱ, यू+०९३१, मग हलंत, मग ह. दुसरी: साधा र, हलंत, मग 'झीरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारं चिन्ह, यू+२००डी, मग ह. पहिल्या रीतीने 'कऱ्हाड' सहा चिन्हांचा, दुसऱ्या रीतीने 'कर्‍हाड' सातांचा. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तुमच्या फाइलमधला दुसऱ्या रीतीचा असणार. साफसफाईत जॉइनर गेला आणि उरलेल्या र-हलंत-ह चा नियमाप्रमाणे रफार झाला.

युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगळ्या रीती एकसारख्या करणं) करूनही या दोन रीती एक होत नाहीत, म्हणून स्वतःच करायचं: साफसफाईच्या आधी र-हलंत-जॉइनर दिसला की त्याजागी ऱ-हलंत घाला. मग शोधतानाही दोन 'कऱ्हाड' वेगळे निघणार नाहीत.

जुळारी
मराठीत हा फरक अर्थाचा आहे. आचार्यांना वंदन करतात आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचं विचारतात. 'दर्यापूर'मध्ये रफारच हवा आणि 'दऱ्याखोऱ्या'त आडवा रच हवा. सगळे एकसारखे करून टाकू नका.

कोयनाकाठ
बदल फक्त जॉइनर असलेल्या ठिकाणीच केला, त्यामुळे 'दर्यापूर' सुरक्षित राहिलं. 'कऱ्हाड' आलं! मुद्दाम चौपट आकारात मोठं काढून बघितलं.

शेवटचं विचारते. कंसातलं नाव दुसऱ्या ओळीत टाकलं, तर वरच्या नावाचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. 'स्पेसिंग' वाढवून काम होतं, पण आकार बदलला की पुन्हा भिडतात.

हडसनपार
पिलो अनेक ओळी लिहिताना दोन ओळींतलं अंतर इंग्रजी मोठ्या 'ए'वरून काढते. त्याच्या चौकटीचा खालचा आकडा आणि वर स्पेसिंग, जे सांगितलं नाही तर ४ पिक्सेल. 'ए' पायरेघेवर उभा असतो, खाली काहीच जात नाही. त्यामुळे आपला खालचा मजला त्या हिशेबात धरलेलाच नसतो.

अक्षरगणित
म्हणून दोन ओळी एकत्र लिहू नका. फॉन्टला 'गेटमेट्रिक्स' विचारा, आरोह आणि अवरोह मिळतील. त्यांची बेरीज म्हणजे एका ओळीचे तिन्ही मजले. पहिल्या पायरेघेपासून तेवढं खाली दुसरी पायरेघ घ्या आणि प्रत्येक ओळ वेगळी 'एमएस'ने लिहा. कंसातल्या नावाचा आकार लहान असेल तर पहिल्या ओळीचा अवरोह मोठ्या फॉन्टचा आणि दुसरीचा आरोह लहानाचा घ्यायचा. आकार बदलला तरी हिशेब त्याच्याबरोबर बदलतो.

कंसाचं चिन्ह त्या फॉन्टमध्ये आहे ना, तेवढं बघा. पिलो एका फॉन्टमध्ये न सापडलेलं चिन्ह दुसऱ्यातून आणत नाही, रिकामा डबा काढते.

कोयनाकाठ
कंस आहे. दोन ओळी सुटल्या.

काल रात्री पहिले पाच कागद छापले, ३६ जिल्हे. आज वर्गात कार्डं जमिनीवर मांडली. एका मुलीने सातारा, सांगली, सोलापूर अशी तीन ओळीने लावली आणि नावांच्या वरच्या रेघेवरून बोट फिरवत गेली, एका कार्डावरून दुसऱ्यावर. बोट कुठे अडखळलं नाही.

उरलेले ४५ कागद शनिवारी छापेन. साफसफाईचा बदल आणि 'म' मोजायचा भाग एकत्र करून शब्दांत लिहून काढते आहे, इथेच टाकते. काका, तुम्ही त्यातले मराठी शब्द तपासून द्याल का? आरोह-अवरोह आमच्या मुलांना संगीतातले वाटतील.

जुळारी
देतो की. 'वरचा मजला' आणि 'खालचा मजला' लिहा. आमच्या छापखान्यात तेवढ्यावर काम चालायचं.